व्हीएचएस कॅसेटचे डिजिटलीकरण : आवाज चित्राच्या मागे का पडतो आणि दोष कुठे शोधावा

आमच्या मेकरस्पेसमध्ये जुन्या माध्यमांसाठी राखलेल्या टेबलावर एक व्हीसीआर, एक जुना कॅमकॉर्डर, एक यूएसबी कॅप्चर उपकरण आणि एक संगणक अशी मांडणी आहे. त्या टेबलाशी येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त वेळा परत येणारी तक्रार एकच आहे: फाइलच्या सुरुवातीला सगळे व्यवस्थित असते, पण तासाभराच्या कॅसेटच्या शेवटाकडे जाताना बोलणाऱ्याचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येऊ लागतात. एका सदस्याने आणलेल्या कॅसेटमध्ये त्याचे वडील लाकडी खुर्ची दुरुस्त करताना दिसतात. अखेरच्या प्रसंगात ते खिळ्यावर शेवटचा ठोका मारून हातोडी खाली ठेवतात, हात पुसतात, आणि त्यानंतर आणखी दोन ठोके ऐकू येतात. तीच कॅसेट व्हीसीआरवरून थेट टीव्हीवर लावली की हातोडी आणि ठोका एकाच क्षणी येतात. म्हणजे फितीवरची नोंद शाबूत आहे; बिघाड व्हीसीआर आणि संगणकातली फाइल यांच्या दरम्यान कुठेतरी होत आहे.

या तक्रारीवर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी थोडी आकसून ती चित्राच्या लांबीइतकी करणे. मीही त्या कॅसेटसाठी प्रथम तेच केले होते. शेवटी आवाज ३५ फ्रेम, म्हणजे १.४ सेकंद मागे होता, म्हणून संपूर्ण पट्टी तेवढ्याने आकसली. शेवट जुळला, पण तिसाव्या मिनिटाला आवाज चित्राच्या सुमारे ०.३४ सेकंद आधी येऊ लागला आणि फाइल पूर्वीपेक्षा वाईट वाटू लागली. यालाही कारण आहे. निसर्गात प्रकाश आवाजाच्या आधी पोहोचतो, त्यामुळे थोडा उशिरा आलेला आवाज आपण खपवून घेतो, पण आधी आलेला आवाज लगेच खटकतो. युरोपीय प्रसारकांच्या संघटनेच्या आर ३७ या शिफारशीत म्हणूनच आवाज पुढे असण्याची मर्यादा ४० मिलिसेकंद, तर मागे पडण्याची मर्यादा ६० मिलिसेकंद अशी वेगवेगळी दिली आहे. तेव्हा आवाज ताणण्याआधी किंवा आकसण्याआधी तफावत कोणत्या आकाराने वाढते आहे, हे पाहणे आवश्यक आहे. माझ्या मते या दुखण्याचे अर्धे निदान त्या आकारातच असते.

तफावतीचा आकार पाहणे

फाइलमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी एखादी अशी जागा शोधावी, जिथे आवाजाचे कारण डोळ्यांना दिसते: टाळी, दार आपटणे, टेबलावर ठेवलेला पेला, हातोडीचा ठोका. संपादकात एकेक फ्रेम पुढे सरकवत कृती कोणत्या फ्रेमवर घडते आणि आवाजाच्या आलेखातला उभा सुळका कोणत्या फ्रेमवर येतो, हे लिहून घ्यावे. पॅल या टीव्ही चित्राच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मिळालेले फरक कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर फ्रेम असे मांडले की सहसा तीनपैकी एक आकृती समोर येते: सपाट रेषा, एकसारखी चढत जाणारी रेषा, किंवा पायऱ्या.

सपाट रेषेला फार वेळ देण्याचे कारण नाही. चित्र एखाद्या प्रक्रियेतून जाताना एक-दोन फ्रेम अडकते आणि आवाज थेट जातो, एवढाच त्याचा अर्थ असतो. आवाजाची पट्टी एकदाच तेवढी सरकवली की काम होते.

एकसारखी चढणारी रेषा म्हणजे दोन घड्याळांचे न जुळणे. चित्र यूएसबी उपकरणातून आणि आवाज संगणकाच्या स्वतःच्या लाइन-इनमधून घेतला की हे हमखास घडते, कारण दोन्हींच्या आत वेगवेगळे स्फटिक दोलक असतात आणि दोघांचा सेकंद तंतोतंत सारखा नसतो. तासाला ०.४५ सेकंदाची तफावत म्हणजे केवळ दहा लाखांत १२५ भागांचा फरक, आणि स्वस्त दोलकांमध्ये तो अगदी स्वाभाविक आहे. उपाय म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच उपकरणातून घेणे. ते शक्य नसेल, तर फक्त याच प्रकारात आवाज आकसणे योग्य ठरते, कारण ०.०१२५ टक्क्यांच्या बदलाने सूर बदलल्याचे कानाला कळत नाही. मात्र तफावत तासाला जवळपास ३.६ सेकंद भरत असेल, तर दोलकांवर संशय घेऊ नये. एनटीएससी या अमेरिका-जपानमधल्या टीव्ही पद्धतीच्या चित्राचा वेग सेकंदाला २९.९७ फ्रेम असतो आणि कोणत्यातरी टप्प्यावर तो ३० धरला गेला की नेमका एवढाच फरक पडतो. ओबीएससारख्या प्रक्षेपणासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कॅन्व्हासचा फ्रेमदर मूळ चित्राप्रमाणे ठेवायचा राहून जातो, तेथे आधी पाहावे.

उरलेला तिसरा आकार, पायऱ्यांचा, हाच खरा त्रासदायक. खुर्चीच्या कॅसेटचा आलेख काढला तेव्हा बाराव्या मिनिटाला ९ फ्रेमची, एकतिसाव्या मिनिटाला २० फ्रेमची आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ६ फ्रेमची पायरी दिसली. मधले सगळे भाग सपाट होते. एकूण ३५ फ्रेम संपूर्ण तासात पसरलेल्या नव्हत्या. त्या तीन ठिकाणी गळाल्या होत्या. संपूर्ण पट्टी आकसून मध्यभाग का बिघडला, हे तेव्हा स्पष्ट झाले.

फ्रेम गळतात कशा

व्हीएचएसचा हेड ड्रम, म्हणजे फीत वाचणारी हेड बसवलेला फिरता दंडगोल, ६२ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पॅल यंत्रात मिनिटाला १,५०० फेरे घेतो. त्यावरची दोन हेड आळीपाळीने फितीवर तिरक्या रेघा ओढतात किंवा वाचतात, आणि प्रत्येक रेघेत चित्राचे एक फील्ड, म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी फ्रेम, असते. सेकंदाला ५० फील्ड. त्यातली प्रत्येक आडवी रेषा ६४ मायक्रोसेकंदांची असायला हवी. प्रत्यक्षात फीत थोडी ताणलेली असते, कुठे चुरगळलेली असते, तिचा ताण रीळ भरत जाईल तसा बदलतो, आणि त्यामुळे एखादी रेषा किंचित लवकर तर दुसरी किंचित उशिरा सुरू होते. जुना चित्रनलिकेचा टीव्ही या डळमळीमागे निमूटपणे जातो: सिंकचा स्पंद, म्हणजे नवी रेषा सुरू करण्याची खूण, जेव्हा येईल तेव्हा तो नवी रेषा सुरू करतो, आणि वरच्या कडेला चित्र थोडे वाकलेले दिसले तरी कार्यक्रम थांबत नाही. यूएसबी कॅप्चर उपकरणातली चिप इतकी समजूतदार नसते. सिंकचे स्पंद एका मर्यादेपलीकडे विस्कटले की तिची पकड सुटते, आणि पुन्हा पकड बसेपर्यंत ती एकही फ्रेम संगणकाकडे पाठवत नाही. याच वेळी आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने मात्र अखंड येत राहतात. चित्र २० फ्रेमने आखूड झाले, आवाज पूर्ण लांबीचा राहिला, आणि त्या क्षणापासून पुढचा प्रत्येक शब्द ०.८ सेकंद उशिरा येऊ लागला. नंतर कितीही चांगली फीत आली तरी ही तूट आपोआप भरून निघत नाही.

एव्हीआय फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसाठी स्वतंत्र वेळ नोंदलेली नसते. फ्रेम एका ठरावीक दराने येतात असे गृहीत असते, म्हणून गळलेल्या फ्रेमचा परिणाम थेट दिसतो. एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये वेळेची नोंद असते, आणि म्हणून काही वेळा मूळ फाइल प्लेअरमध्ये नीट चालते, पण संपादकात घातली की बिघडते. अशी फाइल हाती आली तर संपादनापूर्वी एफएफएमपेग या व्हिडिओ फाइल रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रॅमने ती स्थिर फ्रेमदराची करून घ्यावी. तो वेळेच्या नोंदी वाचून रिकाम्या जागी आधीची फ्रेम पुन्हा ठेवतो.

दोष फितीचा की संगणकाचा

फ्रेम गळण्याचे दुसरे कारण संगणकात असू शकते: कॅप्चर उपकरण कीबोर्ड, वेबकॅम आणि बाहेरील डिस्क यांच्यासोबत एकाच यूएसबी हबवर असणे, डिस्क वेळेवर लिहू न शकणे, वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवला जाणे. कॉम्प्रेशनविना ७२० × ५७६ चित्राचा आठ बिट ४:२:२ प्रवाह सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट भरतो, म्हणजे तासाला साधारण ७५ गिगाबाइट. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ यांसारखे चित्राची हानी न करता फाइल लहान करणारे कोडेक वापरले की हा भार पुष्कळ उतरतो.

दोन्ही कारणे वेगळी करण्यासाठी सर्वांत सोपी कसोटी म्हणजे तीच कॅसेट जशीच्या तशी दोनदा कॅप्चर करणे. दोन्ही वेळा पायऱ्या त्याच जागी आल्या तर दोष फितीचा किंवा व्हीसीआरचा. दर वेळी जागा बदलली तर संगणकाचा. वर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर चालू असताना गळलेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचे आकडे बाजूच्या पट्टीवर दिसतात. ते वाढताना घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली तर नंतर शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरी कसोटी आम्ही मेकरस्पेसमधल्या सामानातूनच उभी केली, आणि कोणतीही नवी मांडणी वापरात घेण्यापूर्वी ती एकदा करावी असा माझा आग्रह असतो. आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर एक एलईडी आणि एक बझर असे जोडले की दर दहा सेकंदांनी दोन्ही एकाच क्षणी क्षणभर चालू होतात. जुना कॅमकॉर्डर कॅसेट न घालता कॅमेरा मोडमध्ये ठेवून या बोर्डाकडे रोखायचा आणि त्याचे चित्र व आवाज त्याच केबलने, त्याच कॅप्चर उपकरणात तासभर घ्यायचे. यात फीत कुठेच नाही, त्यामुळे सिंक अत्यंत स्थिर असतो. आर्डुइनोचे स्वतःचे घड्याळ थोडे पुढेमागे असले तरी बिघडत नाही, कारण दिवा आणि आवाज एकत्रच निघतात आणि आपल्याला फक्त त्या दोघांमधले अंतर पाहायचे असते. तासाच्या शेवटी ते अंतर सुरुवातीइतकेच असेल, तर संगणक आणि कॅप्चर उपकरण निर्दोष आहेत. काही कॅमकॉर्डर कॅसेट नसताना डेमो दाखवू लागतात. ते मेनूतून आधी बंद करावे. स्थिर चित्राचा स्रोत म्हणून बाजारातली डीव्हीडी लावण्याचा मोह होतो, पण तिच्या ॲनालॉग आउटपुटवर नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम घातलेले अडथळे असू शकतात आणि तेच कॅप्चर उपकरणाची पकड सोडवतात. आमचा एक पूर्ण दिवस या कारणाने भलत्याच शोधात गेला होता.

फितीकडचे उपाय, करावयाच्या क्रमाने

दोष फितीकडे आहे असे ठरल्यावर प्रथम कॅसेट उघडून फीत पाहावी. गुंडाळीच्या कडेवर पांढरट बुरशीचे ठिपके दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फीत स्वच्छ असेल तर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी; वर्षानुवर्षे एका जागी दबून राहिलेल्या गुंडाळीचा ताण त्याने बराच एकसारखा होतो.

त्यानंतर हेडची स्वच्छता. व्हीसीआरचे प्लग काढून वरचे झाकण उघडावे. सांबर कातड्याची टोके असलेली, हेडसाठीच बनवलेली काडी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून ड्रमच्या कडेला हलकेच टेकवावी. काडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रमचा वरचा भाग सावकाश फिरवायचा. काडी कधीही वर-खाली घासू नये. हेडची टोके केसासारखी नाजूक असतात आणि उभ्या दिशेने घासल्यास तुटतात. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू हेडमध्ये अडकतात. काडीवर तपकिरी-काळा पट्टा उमटला तर नवी काडी घेऊन ती कोरी निघेपर्यंत हेच करावे आणि ओलावा पूर्ण उडाल्याशिवाय कॅसेट घालू नये.

ट्रॅकिंग, म्हणजे हेड फितीवरच्या रेघांशी जुळवण्याची मांडणी, हाताने लावावे. स्वयंचलित ट्रॅकिंग खराब जागी आले की पुन्हा शोध सुरू करते आणि त्या शोधात सिंक आणखी विस्कटतो. हे करूनही चित्र एकसारखे हलत असेल तर दुसऱ्या व्हीसीआरवर तीच कॅसेट लावून पाहणे फार उपयोगी ठरते. ज्या यंत्रावर ती नोंदली गेली, त्याचे मार्गदर्शक खुंट किंचित चुकलेले असतील तर तशीच चूक असलेले यंत्र तिला चांगले वाचते. लाँग प्ले वेगाने नोंदलेल्या कॅसेटबाबत हे विशेषकरून जाणवते, कारण पॅलमध्ये फितीचा नेहमीचा वेग सेकंदाला २३.३९ मिलिमीटर, तर लाँग प्लेमध्ये त्याच्या निम्मा असतो आणि रेघाही तितक्याच दाटीने असतात.

एवढे करूनही चुरगळलेल्या जागी पकड सुटतच असेल, तर सिंक स्थिर करणारे उपकरण मध्ये घालावे लागते. येथे टाइम बेस करेक्टर या एकाच नावाखाली दोन वेगळी कामे सांगितली जातात, आणि त्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया जातात. चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) यंत्रांत असलेला रेषानिहाय करेक्टर प्रत्येक रेषेची सुरुवात सरळ करतो. चित्रातल्या उभ्या कडा त्याने लक्षणीय सुधारतात, पण फ्रेम गळणार नाहीत याची हमी तो देत नाही. ती हमी पूर्ण फ्रेम साठवणारा करेक्टर देतो: येणारे चित्र तो स्मृतीत घेतो आणि स्वतःच्या स्थिर घड्याळाने बाहेर पाठवतो, आणि फितीवरून काहीच वाचता आले नाही तर आधीची फ्रेम पुन्हा देतो, पण प्रवाह थांबू देत नाही. अशी व्यावसायिक उपकरणे महाग आणि दुर्मीळ आहेत. त्यांच्या जागी काही डीव्हीडी रेकॉर्डर केवळ मध्यस्थ म्हणून वापरता येतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ हे नमुने या कामासाठी माहितगारांत प्रसिद्ध आहेत. व्हीसीआर रेकॉर्डरच्या इनपुटला आणि रेकॉर्डरचे आउटपुट कॅप्चर उपकरणाला जोडायचे. त्यात डिस्क घालण्याची किंवा काही नोंदण्याची गरज नसते. आवाजही त्याच रेकॉर्डरमधून न्यावा, म्हणजे दोघांना होणारा विलंब जवळपास सारखा राहतो. उरलेला एखाद्या फ्रेमचा फरक सपाट रेषेच्या प्रकारात मोडतो.

कॅप्चर करताना चित्र मूळ आकारात आणि आंतरगुंफित फील्डसहच घ्यावे. आकार बदलणे, फील्ड एकत्र करणे, रंग सुधारणे ही कामे नंतरची. ती त्याच वेळी करायला लावली की संगणकावर भार येतो आणि ज्या फ्रेम वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच गळतात. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम फार जवळ आल्यास गाळण्याचे आणि फार लांब गेल्यास रिकामी फ्रेम घुसवण्याचे पर्याय असतात. मध्ये फ्रेम साठवणारे उपकरण असेल तर कसोटीच्या वेळी ते बंद ठेवावेत, म्हणजे खरी स्थिती झाकली जात नाही.

मूळ कॅसेट आता हाती नसेल आणि पायऱ्यांची फाइल तेवढी उरली असेल, तर प्रत्येक पायरीच्या जागी आवाजाची पट्टी कापून पुढचा भाग तेवढ्याच फ्रेमने अलीकडे आणावा. बोलणे चालू असताना कापू नये. जवळची शांत जागा किंवा दृश्य बदलण्याची जागा निवडावी. काम वेळखाऊ आहे, पण संपूर्ण पट्टी आकसण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

खुर्चीच्या कॅसेटसाठी हेड साफ केल्यावर सहा फ्रेमची पायरी नाहीशी झाली. उरलेल्या दोन पायऱ्या डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये घातल्यावर गेल्या. एकतिसाव्या मिनिटाला फितीवर प्रत्यक्ष घडी पडलेली आहे, आणि तेथे आता चित्र क्षणभर गोठते, पण आवाज चालू राहतो आणि त्यानंतर दोन्ही पुन्हा बरोबर येतात. ती जागा आम्ही झाकली नाही. फाइलसोबतच्या मजकुराच्या नोंदीत तिची वेळ, वापरलेले यंत्र आणि कॅप्चरची तारीख लिहिली, आणि कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, फेकून देऊ नये असे सांगून सदस्याला परत दिली. शेवटच्या प्रसंगात हातोडी खिळ्यावर पडते त्याच फ्रेमवर ठोका येतो, आणि ती खाली ठेवल्यावर फक्त लाकडावर हात पुसल्याचा आवाज राहतो.